कंबरेचं रिव्हॉल्व्हर आणि लिफ्टमधला शेजारी

मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणाऱ्या एका सराफाचं पत्र आलं आहे. वय 46. दादरला वडिलांच्या वेळचं छोटं दुकान, आठवड्यातून दोनदा मालासाठी झवेरी बाजारात फेरी. तीन वर्षांपूर्वी काळबादेवीच्या एका गल्लीत दोघांनी त्यांच्या हातातली पिशवी हिसकावली, त्या झटापटीत खांद्याचं हाड मोडलं. नंतर त्यांनी रीतसर अर्ज केला, चौकशी झाली, परवाना मिळाला आणि त्यांनी .32 चं रिव्हॉल्व्हर घेतलं. ते कंबरेला, शर्टाच्या बाहेर, दिसेल असं लावतात. 'चोरीचा माल थोडाच आहे, लपवायचं कशाला?' असं त्यांचं म्हणणं. पण 17 वर्षांपासूनचा शेजारी आता लिफ्टपाशी 'तुम्ही व्हा पुढे, मी येतो मागून' म्हणतो. गणपतीच्या आरतीच्या वेळी सेक्रेटरींनी बाजूला घेऊन 'तेवढं घरी ठेवून या' असं सांगितलं, तर हे आरती न करताच वर निघून गेले. नववीतल्या मुलीच्या मैत्रिणी अभ्यासाला यायच्या, त्याही बंद झाल्या. टेक्ससमधला मेव्हणा फोनवर सांगतो की तिकडे लोक पिस्तूल लावून दूध आणायला जातात, कुणी वळूनही बघत नाही. ते विचारतात: 'ताई, कायद्यानं मिळालेली वस्तू उघडपणे बाळगली तर गुन्हेगारासारखी वागणूक का? वार्षिक सभेत परवान्याची प्रत सगळ्यांपुढे ठेवून विषय एकदाचा मिटवू, की जागाच बदलू?'

नमस्कार.

तुमच्या पत्रात मोडलेल्या खांद्याला अर्धी ओळ आहे आणि लिफ्टला आठ ओळी. मी मात्र त्या अर्ध्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. भर दिवसा, रोजच्या ओळखीच्या गल्लीत, आजूबाजूला शेकडो माणसं असताना कुणी तुम्हाला पाडतं आणि निघून जातं. त्यानंतर माणूस पूर्वीसारखा चालू शकत नाही. मागून चप्पल वाजली तरी मान वळते. तुम्हाला हे होतं का, ते तुम्ही लिहिलेलं नाही. होत असेल असं मी धरून चालते, आणि म्हणून 'एवढी भीती कसली' वगैरे काही मी तुम्हाला म्हणणार नाही. शस्त्र घ्यावंसं वाटलं यात मला काही वावगं दिसत नाही.

आता एक काम करा. सभेत सगळ्यांना दाखवायचा विचार करताय तो परवाना आधी तुम्ही स्वतः, सावकाश, शेवटच्या पानापर्यंत वाचा. आपण फोटो, नंबर आणि मुदत तेवढी बघतो. त्यावर छापलेल्या अटींमध्ये एक अशी आहे की खास परवानगी नसेल तर हे शस्त्र जत्रेत, धार्मिक मिरवणुकीत किंवा सार्वजनिक जमावात न्यायचं नाही, शिक्षणसंस्थेच्या आवारातही न्यायचं नाही. सोसायटीच्या पटांगणातली शंभर माणसांची आरती 'सार्वजनिक' धरायची की नाही यावर वकील वाद घालतील. तो वाद तुमच्या रिव्हॉल्व्हरवरून व्हावा असं तुम्हाला वाटत असेल असं मला वाटत नाही. मुलीच्या शाळेत पालकसभेला जाताना मात्र वादाला जागाच नाही.

याहून सरळ गोष्ट 2016 च्या शस्त्र नियमांत आहे. सार्वजनिक जागी लहान शस्त्र न्यायचं तर ते अंगाला बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर नीट ताबा हवा. शस्त्र परजायला, म्हणजे काढून दाखवायला, तर साफ मनाई आहे. शर्टाच्या बाहेर मिरवणारं रिव्हॉल्व्हर 'पूर्ण झाकलेलं' कसं म्हणायचं? अटी मोडल्या तर परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो आणि वर शिक्षाही होऊ शकते. थोडक्यात, 'लपवायचं कशाला' या प्रश्नाचं उत्तर कायद्यानंच देऊन ठेवलंय. तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल. परवाना मिळाल्याच्या आनंदात पेढे वाटले जातात, अटी कोण वाचतो! पण सेक्रेटरींनी आरतीच्या वेळी जे सांगितलं त्याला अपमान म्हणण्याआधी एवढं लक्षात घ्या, की नकळत का होईना, त्या माणसानं तुमचा परवाना वाचवला.

कायदा इथे संपतो. तुमचं दुखणं मात्र वेगळं आहे, तुम्हाला माणसं तुटल्याचं लागलंय. म्हणून एक प्रश्न विचारते, रागावू नका. ते रिव्हॉल्व्हर नेमकं कुणाला दिसावं म्हणून तुम्ही बाहेर लावता? काळबादेवीतल्या त्या दोघांना? ते तुमच्या लिफ्टमध्ये नसतात. सोसायटीच्या जिन्यात, वाण्याकडे, आरतीला तुम्हाला बघणारे सगळे तुमच्या खांद्याची विचारपूस करायला आलेले लोक आहेत. ज्यांनी बघून घाबरावं असं तुम्हाला वाटतं ते बघत नाहीत, आणि जे बघतात त्यांनी घाबरू नये असं तुम्हाला वाटतं. माझा अंदाज असा, की 'मी आता पूर्वीसारखा हातात पिशवी धरून पडणारा माणूस राहिलो नाही' हे तुम्हाला कुणाला तरी सांगायचं आहे, आणि ते सांगायचं काम तुम्ही कंबरेवर सोपवलंय. अंदाज चुकला असेल तर सोडून द्या.

माझा मामा राजापूरकडचा. त्याच्याकडे शेतीच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक होती, रीतसर परवान्याची. कोकणात वानरं आणि रानडुकरं एका रात्रीत वर्षाची मेहनत खातात, म्हणून असे परवाने तिकडे बऱ्याच घरांत असतात, आणि निवडणूक आली की त्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा करायच्या म्हणून लोक कुरकुरतात. मामा ती खांद्यावर टाकून वाडीतून जायचा तेव्हा आम्ही पोरं मागे धावायचो आणि म्हातारी माणसं ओटीवरून विचारायची, 'काय गावलं काय रे?' कुणाला भीती नव्हती, कारण ती बंदूक कशासाठी आहे ते सगळ्यांना ठाऊक होतं. एकदा मात्र शेतातून येता येता तो तसाच बांधाच्या वादाचं बोलायला एका घरी गेला. त्याच्या मनात काही नव्हतं, बंदूक भरलेलीही नव्हती. त्या घरातली म्हातारी एक शब्द न बोलता उठली आणि तिनं दार लावून घेतलं. मामा रागारागानं घरी आला. आजी चुलीपाशी होती. ती एवढंच म्हणाली, 'आधी ती ओटीवर ठेव नि मग जा बोलायला.' तो गेला. दार उघडलं गेलं. वाद काही त्या दिवशी मिटला नाही, पण चहा झाला.

मामाची दानत सकाळी होती तीच संध्याकाळी होती. बंदुकीचं कारण फक्त त्या म्हातारीला दिसत नव्हतं. बँकेच्या कॅशव्हॅनपाशी दुनळी घेऊन उभ्या असलेल्या रखवालदाराला वळसा घालून आपण बिनघोर जातो. सीएसएमटीवर वाळूच्या पोत्यांमागे उभ्या जवानाच्या हातातली रायफल रोजच्या प्रवाशाला दिसतही नाही. त्यांचा गणवेश त्यांचं कारण सांगत असतो. साध्या कपड्यांतल्या शस्त्राचा या शहराचा अनुभव निराळा आहे. तुमचे शेजारी पन्नाशीचे असतील तर नव्वदच्या दशकातलं टोळीयुद्ध त्यांनी रोजच्या पेपरात वाचलंय. 12 ऑगस्ट 1997 ला अंधेरीत देवळाबाहेर गुलशन कुमार यांना गोळ्या घातल्या गेल्या, तेव्हा मारणाऱ्यांच्या अंगावर गणवेश नव्हता. आणि 26 नोव्हेंबर 2008 ला सीएसटीवर गोळ्या झाडणारा, पाठीवर सॅक आणि अंगात टीशर्ट असलेला तो पोरगा आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांत कायमचा बसलाय. लिफ्टचं दार उघडल्यावर शेजाऱ्याचं डोकं एवढा इतिहास उगाळत नसेल, पण त्याचे पाय उगाळतात.

मानसशास्त्रात यासंबंधीचं एक जुनं निरीक्षण आहे. एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी 1987 मध्ये दाखवलं, की समोरच्याच्या हातात शस्त्र असलं की बघणाऱ्याची नजर त्या शस्त्रावर पुन्हा पुन्हा जाऊन खिळते आणि चेहरा नीट लक्षात राहत नाही. साक्षीदारांच्या संदर्भातला तो अभ्यास, पण तुमच्या लिफ्टला बऱ्यापैकी लागू पडतो. ज्याच्याकडे तुम्ही दिवाळीचा फराळ पोचवता तो माणूस तुमच्या चेहऱ्याकडे न बघता कंबरेकडे बघतोय. 17 वर्षांची ओळख चेहऱ्याशी आहे, कंबरेशी नाही. आणि उलटंही करून बघा. उद्या दहाव्या मजल्यावर नवा भाडेकरू आला, पंचविशीचा, नाव-गाव माहीत नाही, आणि लिफ्टमध्ये तो तुमच्या मुलीशेजारी पिस्तूल लावून उभा राहिला. त्याच्याकडेही परवाना आहे, एकदम पक्का. तुम्ही मुलीला त्याच्याबरोबर वर जाऊ द्याल?

मेव्हणा सांगतो ते खोटं नाही. टेक्ससमध्ये 1 जानेवारी 2016 पासून परवानाधारकांना पिस्तूल उघड लावायची मुभा मिळाली, आणि 1 सप्टेंबर 2021 पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेकांना तर परवान्याचीही गरज उरली नाही. पण 'कुणी वळून बघत नाही' हे अर्धंच. त्याच टेक्ससमध्ये, एल पासोच्या वॉलमार्टमध्ये 3 ऑगस्ट 2019 ला एकानं गोळीबार केला, 23 माणसं गेली. महिन्याभरातच वॉलमार्टनं देशभरातल्या आपल्या दुकानांत ग्राहकांना विनंती केली, की कायद्यानं मुभा असली तरी आत येताना शस्त्र उघडं लावून येऊ नका. म्हणजे दूध आणायला जाणाऱ्याकडे लोक बघत होतेच. आणखी एक जुनी गोष्ट आहे. मे 1967 मध्ये कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर पक्षाचे काळे तरुण भरलेल्या बंदुका उघडपणे घेऊन विधिमंडळाच्या इमारतीत गेले. तेव्हाच्या कायद्यानं बंदूक अशी नेता येत होती. त्याच वर्षी तिथे भरलेली शस्त्रं उघड बाळगण्यावर बंदी घालणारा कायदा झाला आणि गव्हर्नर रेगन यांनी त्यावर सही केली. हात कुणाचा आहे त्यावर तिथेही नजर बदलते. मेव्हण्याला पुढच्या फोनवर हे विचारा. जावई-मेव्हण्यांत बोलायला तेवढाच एक विषय.

आता चोराचा विचार करू, कारण खरं काम तिथे आहे. उघडं शस्त्र बघून चोर पळतो असं आपण धरून चालतो. काही पळतीलही. पण पाळत ठेवून येणाऱ्याला तुमचं रिव्हॉल्व्हर आधीच कळलेलं असेल, तर तो मागून येईल, आणि पहिला हात पिशवीला न घालता कंबरेला घालेल. चोराच्या बाजारात त्यालाही किंमत आहे. मागच्या वेळी पिशवी गेली, या वेळी तुमच्या नावावरचं हत्यार जाईल आणि ते कुठे वापरलं गेलं याची उत्तरं देत तुम्ही पोलीस ठाण्यात बसाल. शिवाय झवेरी बाजारातली गर्दी तुम्हाला मी काय सांगावी. तिथे झाडलेली गोळी चोराला लागली नाही तर कुणाला लागेल, या प्रश्नावर तुम्ही कधी विचार केला असेल तर झोप उडाली असणार. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्यात आहे, पण गरजेपुरताच, आणि 'गरजेपुरता' किती ते नंतर कोर्ट ठरवतं.

म्हणून तुमच्या जागी असते तर मी पैसा आधी दुसरीकडे घातला असता. सराफांसाठी ज्वेलर्स ब्लॉक विमा मिळतो. त्यात दुकानातल्या मालाबरोबर वाहतुकीतला मालही घेता येतो, फक्त कोणत्या अटींवर ते नीट विचारून घ्या. दागिने पोचवणाऱ्या सुरक्षित वाहतूक सेवा आहेत. ठरावीक वारी, ठरावीक वेळी, त्याच गल्लीतून जाणं बंद करा. एकटे जाऊ नका. हे सगळं करूनही शस्त्र हवंसं वाटलं तर माल नेण्याच्या दिवशीच, झाकून, न्या आणि घरी आल्यावर कुलपात. महिन्यातून एकदा तरी रेंजवर सराव करा. सराव नसलेल्या माणसाच्या कंबरेला ते नुसतं वजन.

घराबद्दल तुम्ही जवळजवळ काहीच लिहिलं नाही. मुलगी नववीत आहे एवढंच कळलं. ते रिव्हॉल्व्हर रात्री कुठे असतं? 1 ऑक्टोबर 2024 ला पहाटे अभिनेते गोविंदा विमान पकडायला निघाले असताना त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि पायात शिरली. निभावलं. 22 एप्रिल 2006 ला वरळीच्या घरात प्रमोद महाजनांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या सख्ख्या भावाच्या परवान्याच्या पिस्तुलातून. ही उदाहरणं तुम्हाला त्या माणसांच्या पंक्तीत बसवायला देत नाही. मुलीच्या मैत्रिणींच्या आया रात्री हाच विचार करतात, म्हणून देते. त्यांना तुमची भीती नाही. चार मुली एका घरात तीन तास असतात आणि कपाट उघडं राहू शकतं, याची आहे. शस्त्र एका कुलपात, काडतुसं दुसऱ्या, किल्ल्या तुमच्याकडे. गावी जाताना पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करता येतं, विचारून बघा.

सभेत परवाना दाखवायचा बेत मात्र सोडा. परवाना द्यायचा की काढून घ्यायचा हे मुंबईत पोलीस आयुक्तालय ठरवतं, सोसायटीचा ठराव नाही. मग साठ जणांपुढे प्रत फिरवून तुम्ही त्यांना न मागितलेली पंचाईत देता, आणि तुमच्या फ्लॅटमध्ये शस्त्र आहे ही बातमी वॉचमनपासून इस्त्रीवाल्यापर्यंत पोचवता. चोराला हवी ती माहिती हीच. जागा बदलण्याबद्दल काय बोलू? नव्या सोसायटीतही लिफ्ट असेल.

हेच दुखणं पलीकडून सांगणारीही पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. सेक्रेटरींनो, शेजाऱ्याच्या शस्त्राचा फोटो व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. त्याच्या घरी जाऊन बोला, या सराफांच्या सेक्रेटरींनी केलं तसं बाजूला घेऊन. नुसतं बाळगणं वेगळं आणि भांडणात हात तिकडे जाणं वेगळं. दुसरं झालं तर सभेची वाट बघायची नसते, 112 लावायचा. आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे त्या बायकांनो, लग्नाच्या वरातीत 'एक बार होऊन जाऊ द्या' म्हणणाऱ्या दिरांना आधीच सांगून ठेवा, की 2019 च्या दुरुस्तीनंतर आनंदाच्या भरात बेफिकीर गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतं.

तुमच्यासाठी उरली तीन माणसं. सेक्रेटरींकडे जा आणि 'अटी वाचल्या, तुमचं बरोबर होतं' एवढं सांगा. स्पष्टीकरण देत बसू नका. शेजाऱ्याशी लिफ्टमध्ये बोलू नका, तिथे तो अडकलेला असेल. एखाद्या रविवारी घरी चहाला बोलवा आणि खांद्याचं सांगा. मला वाटतं, त्यांना पिशवी गेल्याचं माहीत आहे, तुम्ही किती घाबरलात ते नाही. तेवढ्यानं ते लगेच लिफ्टमध्ये शिरतील असं नाही. थोडे महिने जातील, ते जाऊ द्या.

आणि मैत्रिणींच्या आयांना फोन करायचे आहेत ते पत्नीवर ढकलू नका, स्वतः करा. कुलूप कुठलं, किल्ली कुणाकडे, मुली घरी असताना काय, हे त्यांनी विचारायच्या आधी सांगा. एखादी म्हणेल, 'तरी नको हो.' तिला 'बरं' म्हणा, आणि मुलीला त्या मैत्रिणीकडे अभ्यासाला सोडायला स्वतः जा. रिकाम्या कंबरेनं.